वर ढीग, खाली नदी

जालना जिल्ह्यात धातूची खाण नाही. जमिनीखाली सगळा काळा पाषाण, त्यामुळे खडी फोडणाऱ्या दगडखाणी तेवढ्या दिसतात. पण शहराच्या बऱ्याच चुली लोखंडावर पेटतात. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळतं आणि त्याच्या सळया राज्यभर जातात. स्पंज आयर्न म्हणजे शेवटी कुठल्या तरी डोंगरातलं खनिजच. तो डोंगर कुठला, त्याच्या पायथ्याशी कोणती नदी वाहते, हे सळई घेणाऱ्याला विचारायची वेळ येत नाही.

गाळाची जालनेकरांना ओळख आहे, पण ती वेगळी. २०१२-१३ च्या दुष्काळाच्या आगेमागे शहराला पाणी देणारा निजामकालीन घाणेवाडी तलाव नागरिकांनी वर्गणी काढून उपसला आणि निघालेला गाळ शेतकऱ्यांनी ट्रॉल्या भरभरून आपापल्या रानात नेऊन पसरला. पुढे २०१७ मध्ये सरकारनेही ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. मराठवाड्यात गाळ म्हणजे खत. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत मात्र गाळाचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. तिथला गाळ खाणीवरून उतरतो आणि ज्या शेतात बसतो ते शेत पडीक पाडतो. त्या गाळाशी आणि तो आणणाऱ्या नद्यांशी गोव्यातली गावं दोन पिढ्या झगडत आली आहेत. गोव्याचं खनिज बहुतेक जपानला आणि चीनला गेलं. तरी ही हकीकत लोखंडावर जगणाऱ्या कोणत्याही गावाने ऐकावी अशी आहे.

सुरुवात पोर्तुगीज अमदानीत झाली. १९०६ च्या एका फर्मानाने वसाहतींमधल्या खाणींचे हक्क वाटायची व्यवस्था लावली. हे हक्क कायमचे होते. मुदत नाही, नूतनीकरण नाही. बरीच वर्षं त्यांना विशेष किंमत नव्हती. लोखंडाच्या निर्यातीला सुरुवात झाली ती १९४७ च्या सुमारास, तीही किरकोळ. खरी मागणी आली जपानकडून. महायुद्धात बेचिराख झालेला तो देश पोलादाचे कारखाने पुन्हा उभे करत होता आणि त्याला स्वस्त खनिज हवं होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डिचोली तालुक्यातल्या शिरगावात जपानी यंत्रं आली आणि डोक्यावरच्या पाटीतून चालणारी खोदाई यंत्रावर गेली. त्यात भारत सरकारने १९५४-५५ मध्ये गोव्याची आर्थिक कोंडी केली. कोंडीत सापडलेल्या पोर्तुगीज सरकारला परकीय चलन देणारा हुकमी धंदा हाच उरला, त्यामुळे खाणींना मोकळं रान मिळालं. कोंडी करणाऱ्यांच्या हे मनातही नसावं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. खाणींचे हक्क मात्र होते तसेच राहिले. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते. १९६२ मध्ये सुरू झालेला ‘गोमन्तक’ आणि पाठोपाठ आलेला ‘नवहिंद टाइम्स’ ही दोन्ही वर्तमानपत्रं खाण उद्योगातल्याच घराण्यांनी काढलेली. यातून कुणाच्या सचोटीबद्दल काही ठरत नाही. पण एखाद्या व्हाळात, म्हणजे ओहोळात, तांबडं पाणी आलं, तर त्याची बातमी व्हायला आणि कागद पुढे सरकायला इतकी वर्षं का लागली, याचा थोडा उलगडा होतो. पोर्तुगीज काळातल्या हक्कांचं रूपांतर भारतीय कायद्याखालच्या भाडेपट्ट्यांत करायला १९८७ साल उजाडलं.

आता हा गाळ येतो कुठून ते पाहू. गोव्याचं खनिज डोंगराच्या माथ्यावर आणि उतारावर, जांभ्याच्या थराखाली सापडतं. एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला करावा लागतो. खाणीवरचे लोक त्याला ‘रिजेक्शन’ म्हणतात आणि त्याच्या ढिगाला ‘डंप’. गोवा अरुंद आणि खाणींचे पट्टे लहान, म्हणून हे डंप उतारावर, नाल्याच्या तोंडाशी, मिळेल तिथे रचले गेले. जालन्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. गोव्यात तो तीन हजारांच्या घरात, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. झाड नाही, गवत नाही, अशा भुसभुशीत तांबड्या डोंगरावर इतका पाऊस कोसळला की त्याची माती खाली येणारच.

दुसरी वाट खनिज धुण्याच्या कारखान्यांची. कमी प्रतीचं खनिज पाण्याने धुऊन वरच्या प्रतीचं केलं जातं आणि मागे राहतो तो पिठासारखा बारीक लगदा. तो अडवायला बांध घातलेली तळी असतात. तळं भरलं किंवा बांध फुटला की लगदा ओहोळात. तिसरी वाट खाणीच्या खड्ड्याची. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यात पाणी साचतं आणि काम चालू ठेवायचं तर ते दिवसरात्र उपसून बाहेर सोडावं लागतं. त्यामुळे भर उन्हाळ्यात विहिरी कोरड्या आणि शेजारचा नाला तांबडा होऊन वाहतो आहे, असा चमत्कारिक देखावा या गावांनी वर्षानुवर्षं पाहिला.

या पाण्यात विषारी रसायनं मिसळलेली असतील असं वाटतं, पण गोष्ट तशी नाही. तांब्याच्या किंवा कोळशाच्या सोडून दिलेल्या खाणीतून अनेकदा आम्लाचं पाणी पाझरतं आणि नदीतले मासे एका झटक्यात मरतात. गोव्याच्या खनिजात गंधक नगण्य असल्याने तसं होत नाही. इथली हानी सावकाश होते. लोह आणि मँगनीजचे बारीक कण पाण्याबरोबर पाटातून शेतात शिरतात. पाणी बसलं की भाताच्या चुडांभोवती तांबडी साय धरते. ती वाळली की तिची खपली होते आणि पुढच्या पावसात तिच्यावर दुसरी चढते. दोन-चार पावसाळ्यांत मूळची काळसर माती वीतभर खाली जाते आणि नांगराला लागतो तो नुसता घट्ट, निर्जीव थर. वायंगणाचं पीक, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, आधी सुटतं. मग सरदाचं, म्हणजे पावसाळी भातही सुटतं. नदीच्या पात्रातही हेच चालतं. डोह बुजतात, तळ वर येतो आणि जो पाऊस पूर्वी पात्रात मावत होता तो काठावरच्या वाड्यांत शिरतो. डिचोली आणि साखळी या दोन्ही गावांना पुराची सवय होण्यामागे हे एक कारण आहे.

शेतकऱ्यांच्या पहिल्या तक्रारींवर जी तोड निघाली, तिनेच पुढे घात केला. शेतात गाळ आला की खाण कंपनीने दर वर्षी नुकसानभरपाई द्यायची. रक्कम बेताची, पण नांगरणी नाही, पेरणी नाही, राखण नाही, आणि पैसे हातात. पीक बुडाल्याची भरपाई पुढे पीक न घेण्याची भरपाई झाली. शेती मोडली तसे घरातले तरुण खाणीवर लागले. ज्यांना कर्ज मिळालं त्यांनी टिप्पर घेतले. एका भावाचं शेत गाळाखाली आणि दुसऱ्याचा ट्रक खनिजाच्या वाहतुकीत, अशी घरं गावोगाव झाली. नदीचा प्रश्न मांडणारा माणूस आपल्याच वाड्यावर परका ठरण्याची ही सुरुवात होती. कंपनीच्या बाजूने हिशेब सोपा होता. ढिगाला पायरी देणं, पायथ्याशी दगडी बांध घालणं, वर झाडं लावणं यापेक्षा भरपाईचा धनादेश स्वस्त पडत होता.

१९९७ मध्ये ‘टेरी’ या संस्थेने सगळ्या खाणपट्ट्याची पाहणी करून पर्यावरणाचा आराखडा दिला. पाणी, धूळ, शेती यांची हानी सरकारदरबारी कागदावर आली. २००० मध्ये खाण कंपन्यांनी एकत्र येऊन मिनरल फाउंडेशन ऑफ गोवा ही संस्था काढली आणि तिच्यामार्फत नाले, तळी, शेतं यांतला गाळ उपसायची कामं झाली. सरकारच्या जलसंपदा खात्यानेही नद्यांची पात्रं मोकळी केली. ही कामं खोटी नव्हती. काही शेतं खरोखर लागवडीखाली आली. पण मे महिन्यात यंत्र पात्रात उतरवायचं, काढलेला गाळ काठावर रचायचा आणि जूनच्या पहिल्या सरींनी त्यातला बराच परत पात्रात ढकलायचा, या चक्राला शेवट नव्हता. वरचा ढीग जागच्या जागी असेपर्यंत खालची नदी साफ होत नाही, हे गावांना या उपशातूनच उमगलं. सरकारला उमगलं असेल तरी त्याने तसं बोलून दाखवलं नाही.

तेवढ्यात चीन आला. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या आधीपासून चीनला पोलाद पुरत नव्हतं आणि गोव्यात आजवर टाकाऊ समजलेल्या कमी प्रतीच्या खनिजालाही गिऱ्हाईक मिळू लागलं. बंद पडलेल्या खाणी उघडल्या. जुने डंप पुन्हा उकरले गेले, म्हणजे जरा कुठे गवत धरलेल्या उतारांची माती पुन्हा मोकळी झाली. २०१०-११ मध्ये गोव्यातून झालेली निर्यात ५ कोटी टनांच्या पलीकडे गेली. मांडवी आणि जुवारी या नद्यांत बार्जांची रांग लागली आणि केपे-सांग्याच्या अरुंद रस्त्यांवर ट्रकांच्या गर्दीमुळे शाळेच्या मुलांना चालणं मुश्कील झालं.

याच काळात गावं उठली. सगळी एकदम नाहीत, आणि एका झेंड्याखालीही नाहीत. शिरगावचं उदाहरण बोलकं आहे. हे लईराई देवीचं गाव. वैशाखातल्या जत्रेत निखाऱ्यांतून चालणारे धोंड इथे राज्यभरातून येतात. व्रत पाळताना धोंडांना झरीवर, तळीवर, विहिरीवर आंघोळ लागते. गावाभोवती तीन खाणी खोल होत गेल्या आणि विहिरी, झरी आटत चालल्या. पाणी नाही म्हणजे पीक नाही, इतकंच नव्हे. देवीचं व्रतही अडलं. गावकरी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेले. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने पाहणी केली आणि खाणींच्या खोदाईने गावाचं भूजल खाली ओढलं गेल्याचं नोंदवलं. गावकऱ्यांना हे विहिरीच्या दोराच्या लांबीवरून कधीच कळलं होतं, पण न्यायालयात दोर चालत नाही, अहवाल लागतो.

जून २००९ मध्ये डिचोली तालुक्यातल्याच अडवलपालमध्ये पावसाच्या तडाख्याने खाणीची माती घसरली आणि चिखलाचा लोंढा घरांत शिरला. तिकडे दक्षिणेत कोळंबमध्ये बायकांनी खाणी अडवल्या. मायणा गावात २००८ मध्ये एका शेतमळ्याच्या मालकीण बाईंनी घरच्यांसह रस्त्यावर स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. डिचोलीचे शिक्षक रमेश गावस, सत्तरीतले राजेंद्र केरकर आणि गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेचे क्लॉड आल्वारिस यांनी गावोगावच्या तक्रारी गोळा केल्या, माहिती अधिकारातून कागद मिळवले आणि प्रत्येक गावाचं गाऱ्हाणं एका मोठ्या दाव्यात गुंफलं.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोग नेमला. त्याचा गोव्यावरचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला. बेकायदा खाणकामाने झालेलं नुकसान आयोगाने सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचं धरलं. त्या आकड्यावर वाद आहेत. पण तीन दिवसांत राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर ५ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदीचं शिक्कामोर्तब केलं. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की सगळे भाडेपट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते. म्हणजे तेजीतली पुढची सगळी खोदाई पट्ट्याविना झाली होती. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली. विकलेल्या खनिजाच्या किमतीचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायचा ठरला. आणि नदीच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे पट्ट्याच्या हद्दीबाहेर डंप टाकायला मनाई झाली. साठ वर्षं ज्या उतारांवर रिजेक्शन ओतलं गेलं, त्यांतले कित्येक हद्दीबाहेरचे होते.

खाणी काही काळाने पुन्हा सुरू झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. या वेळच्या बंदीने नवाच प्रश्न उभा केला. खाण चालू असताना पंप चालवायला, बांधांची डागडुजी करायला निदान कुणीतरी जबाबदार होतं. आता मालक म्हणायचा पट्टा माझा नाही आणि सरकार म्हणायचं ताबा अजून त्याचाच आहे. जुन्या पट्टेदारांनी जागा सोडावी अशा नोटिसा निघाल्या त्याही मे २०२२ मध्ये, चार वर्षांनी. तोवर खड्ड्यांत पाणी भरत होतं आणि काठ फुटतील या धास्तीने खालची गावं पावसाळा काढत होती. राज्यात साठलेल्या डंपांचा अंदाज ७० कोटी टनांच्या घरात सांगितला जातो. खाण थांबली तरी पाऊस थांबत नाही, आणि ढीग झिजत राहतो.

अशी झीज बातमीत येत नाही, एकदम फुटलेलं धरण येतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्राझीलच्या मारियाना इथे लोहखनिजाच्या लगद्याचं धरण फुटलं, १९ माणसं गेली आणि चिखल दोसे नदीतून शेकडो किलोमीटर वाहत थेट अटलांटिकला मिळाला. ते जगाने पाहिलं आणि कंपन्यांना अब्जावधींची भरपाई मान्य करावी लागली. आपल्याकडे सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात, जुलै २०२१ मध्ये खाणीचा काठ कोसळून साचलेलं तांबडं पाणी वस्तीत आणि बागायतीत घुसलं. या खाणीला गावाने २००८-०९ पासून विरोध केला होता. राज्यातल्या वृत्तवाहिन्यांनी तो लोंढा दिवसभर दाखवला आणि विषय संपला.

सगळ्या हकीकतीत मला सर्वांत वेगळं वाटतं ते केपे तालुक्यातलं कावरे. कुशावती नदीच्या खोऱ्यातलं हे आदिवासी वस्तीचं गाव. नदीकाठाने थोडं पुढे उसगाळीमळला काठावरच्या जांभ्यावर प्राचीन माणसाने कोरलेली चित्रं आहेत. गाळमातीखाली दडलेली ती चित्रं गावकऱ्यांनी १९९३ मध्ये पुरातत्त्व खात्याला दाखवली. कावऱ्याच्या लोकांनी देवापान डोंगरावरच्या खाणीविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला, ट्रक अडवले, मार खाल्ला. २०१६ मध्ये खनिज वाहतूक अडवल्याच्या प्रकरणात गावचे कार्यकर्ते रवींद्र वेळीप यांना कोठडीत जावं लागलं आणि तिथे मारहाण झाल्याच्या आरोपावरून गोवाभर गदारोळ उठला. पण या गावाने नुसता ‘खाण नको’चा घोष केला नाही. त्यांनी ‘साधना’ नावाची बहुउद्देशीय सहकारी संस्था उभी केली आणि मागणी केली की खनिज काढायचंच असेल, तर ते आमच्या ग्रामसभेच्या ताब्यात, आम्ही ठरवू तितकं आणि आमच्या झरी राखून काढू. संस्थेच्या नोंदणीसाठीच त्यांना झगडावं लागलं. सहकारावर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राला ही मागणी अजब वाटू नये. साखर कारखाना शेतकऱ्यांचा चालतो, मग खाण गावाची का नाही, याचं धड उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. गाव ढिगाखालीच राहणार असल्याने ढीग कुठे टाकायचा हे ते काळजीपूर्वक ठरवील, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. यात धोका नाही असं नाही. पैसा आला की सहकारी संस्थांचं काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे.

मधल्या बंदीच्या वर्षांत काही शेतं पुन्हा हिरवी झाली, धूळ बसली, नाले निवळले. त्याच वेळी हप्ते थकलेले टिप्पर दारात गंजले आणि खाणी सुरू करा म्हणून पणजीत मोर्चे निघाले. आज गंमत अशी की उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, तर सोडलेल्या खाणींच्या खड्ड्यांतलं पाणी उपसून नदीत सोडलं जातं. पणजी आणि फोंड्याला पाणी देणारा ओपाचा प्रकल्प खांडेपार नदीवर आहे. पावसाळ्यात याच नदीच्या तांबड्या पाण्याने त्याची गाळणी तुंबते.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने खाणपट्ट्यांचा लिलाव केला. पहिले तीन पट्टे डिचोली तालुक्यातले निघाले, आणि त्यांत शिरगाव पुन्हा आलंच. २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात खोदाई सुरू झाली. वर्षअखेरीस पिळगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून जाणारी खनिजाची वाहतूक रोखली. मुळगावकरांची मागणी तर भरपाईची नाहीच. घरं, देवळं, तळी आणि शेतं पट्ट्याच्या हद्दीत घातलेली आहेत, ती आधी बाहेर काढा आणि हद्दीचे दगड आमच्यासमोर रोवा, मग बोलू, असं ते म्हणतात. जुने डंप विकायचं सरकारी धोरणही मंजूर झालं आहे, म्हणजे काही ढीग आता खरोखर हलतील. ते पावसाळ्याआधी हलतात की पावसाळ्यात, आणि हलवताना उकरलेली माती कोण अडवतो, यावर डिचोलीच्या व्हाळांचा रंग ठरेल.